जुन्या फियाटला लेदर सीट? आधी डहाणूच्या हवेला विचारा

वाडीतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की पहिले काही महिने इंजिन, ब्रेक आणि पत्र्याच्या कामात जातात. रंग होऊन गाडी चमकू लागते आणि मग आतल्या बाजूचा प्रश्न येतो. सीटला काय लावायचे? तोवर खिसा रिकामा झालेला असतो, घरच्यांचा धीर संपलेला असतो. त्यामुळे निर्णय बहुतेक वेळा दुकानदाराच्या कॅटलॉगवर होतो. ‘लेदर फिनिश’ लिहिलेला मऊ तुकडा हाताला छान लागतो. पण डहाणूच्या दमट हवेत हाच तुकडा काही वर्षांत पापुद्रे सोडू लागण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

सीटचे कापड निवडणे हा दिसण्याचा प्रश्न वाटतो. किनाऱ्यावरच्या गाडीसाठी तो रसायनशास्त्राचा आणि गंजाचा प्रश्न आहे.

हा विषय आत्ताच का?

कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनीने बनवलेली फियाट ११०० १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत आणि त्याआधीच्या ‘डिलाइट’ तर कधीच ओलांडून गेल्या. ही पन्नाशी कागदोपत्रीही महत्त्वाची आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. सीटच्या कापडाचे नाव या व्याख्येत नाही, म्हणून रेक्झिन बदलले तर नोंदणी अडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र क्लासिक गाड्यांच्या स्पर्धांत परीक्षक आत डोकावतात. मूळची साधी रेक्झिन सीट काढून तिथे हिऱ्याच्या आकाराची शिलाई घातलेली ‘लक्झरी’ सीट बसवली असेल, तर गुण तिथेच जातात. (माझे मत विचाराल, तर पद्मिनीत हिऱ्याची शिलाई म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज.)

रेक्झिन म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो, ते मुळात एका ब्रिटिश कंपनीचे व्यापारी नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड इथली ही कंपनी सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचे तेल आणि रंग यांचा लेप देऊन त्यावर चामड्यासारखे दाणे उमटवत असे. कंपनी मागे पडली, नाव आपल्याकडे राहिले. आज दुकानात रेक्झिन म्हणून मिळते ते बहुतेक पीव्हीसीचा थर दिलेले कापड असते. पद्मिनी, अॅम्बेसेडर या आपल्या गाड्यांत बहुतेक वेळा हेच असायचे. खरे चामडे हा प्रामुख्याने महागड्या परदेशी गाड्यांचा मामला.

दुसरा प्रकार पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा. ‘लेदरेट’, ‘पीयू लेदर’, ‘लेदर फिनिश’ अशा नावांनी हा माल विकला जातो. लेदरेट हे नाव पीव्हीसीलाही लावतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. पीयू पीव्हीसीपेक्षा मऊ आणि हलके, दिसायला चामड्याच्या जवळचे. कॅटलॉगमध्ये ते जिंकते.

मग अडचण कुठे?

पावसाळ्यात कपाटात ठेवलेले बूट बाहेर काढले आणि तळवा हातात भुग्यासारखा आला, हा अनुभव कोकणपट्टीत अनेकांना असेल. तो तळवा बऱ्याचदा पॉलीयुरेथेनचा असतो. या पदार्थाच्या काही प्रकारांत रेणूंच्या साखळीत एस्टर नावाचे जोड असतात. हवेतले बाष्प आणि उष्णता मिळून हे जोड हळूहळू तोडतात. या क्रियेला हायड्रॉलिसिस म्हणतात. गाडी वापरली काय किंवा शेडमध्ये उभी राहिली काय, ही क्रिया थांबत नाही. आधी थर चिकट होतो, मग त्याला भेगा पडतात आणि शेवटी पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. हायड्रॉलिसिसला टिकणारे महागडे पीयूही बनते, पण दुकानातल्या तुकड्यावर तसे लिहिलेले क्वचित असते. जे कॅटलॉगमध्ये सर्वात भारी दिसते, तेच इथे सर्वात कच्चे ठरते ते असे.

पीव्हीसीचा स्वभाव वेगळा. पाणी त्याचे फारसे काही बिघडवत नाही. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करतात. ऊन आणि उष्णतेने हे द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर पडत राहते, मग रेक्झिन ताठ होऊन शिवणीपाशी फाटते. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने सीट पुसण्याची जुनी सवय हेच काम झटपट करते, कारण पेट्रोल ते द्रव्य ओढून काढते. साबणाचे पाणी आणि ओले फडके पुरते. थोडक्यात, पीव्हीसीचा शत्रू ऊन आणि पीयूचा शत्रू दमटपणा. शेडखाली, समुद्राजवळ राहणाऱ्या गाडीसाठी कोणाची बाजू घ्यायची, हे त्यावरूनच ठरते.

खऱ्या चामड्याचे काय? चामडे मऊ राहावे म्हणून कमावताना त्यात तेले आणि चरबी मुरवलेली असते. दमट, बंद जागेत बुरशीला हेच खाद्य मिळते. जुलैत पट्ट्यावर किंवा पर्सवर येणारा पांढरट-हिरवा थर तोच. गाडी दर आठवड्याला चालत असेल, काचा उघडून हवा खेळत असेल, तर चामडे टिकते. जूनला झाकून ऑक्टोबरला उघडायची असेल, तर नाही. मूळची चामड्याची सीट असलेली परदेशी गाडी असेल तर चामडेच लावावे, पण आपण एक रोजचे काम अंगावर घेतो आहोत हे जाणून.

तलासरीचा हिशेब थोडा वेगळा. गाव समुद्रापासून आत आहे, खारा वारा कमी. पण महामार्गाची धूळ आणि उन्हाळ्यातले ऊन जास्त. गाडी उघड्यावर उभी राहणार असेल, तर गडद रंगाचे रेक्झिन लवकर तापते आणि लवकर म्हातारे होते. तिथे फिका रंग आणि काचांना सावली यांचा उपयोग होतो. लांब लवीचे कार्पेट तलासरीत घालूच नये, ते धूळ साठवण्याचे साधन आहे.

दुकानात ओळखायचे कसे?

लेबलवर विश्वास ठेवायचा नसेल, तर शाळेतल्या प्रयोगासारखी एक चाचणी आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ती गरम तार रेक्झिनच्या नमुन्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. पीयूला सहसा हिरवा रंग येत नाही. बोटाएवढा तुकडा पुरे. हे उघड्यावरच करा, कारण पीव्हीसीचा धूर घातक असतो. दुकानदारासमोर नको, नमुना घरी आणा.

रेक्झिनचा रोल साधारण ५४ इंच पन्ह्याचा येतो. लागणारा सगळा माल एकाच रोलमधून घ्या आणि थोडा जास्त घ्या. दोन रोलच्या रंगात फरक पडतो आणि तो उन्हात उठून दिसतो. गाडीसाठी बनवलेला माल मागा, सोफ्याचा नको. गाडीतल्या साहित्याने आग किती वेगाने पसरू द्यावी, याला आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. सीटखालची वायरिंग ५० वर्षांची असेल, तर ही औपचारिकता राहत नाही.

डहाणूहून २०१३ पासून थेट लोकल असल्याने मालासाठी मुंबई गाठणे सोपे झाले आहे. कुर्ला-कलिना भागातला सीएसटी रोड गाड्यांच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. जुना दाणा, जुनी छटा शोधायची तर जुन्या सीटचा एक तुकडा सोबत न्या. मूळ रंग हवा असेल तर सीटच्या खालच्या दुमडीत, मागच्या सीटच्या पाठीमागे पाहा. ऊन न लागलेल्या त्या जागी गाडीचा खरा रंग लपलेला असतो.

कव्हरच्या आत काय?

इथे सर्वाधिक चुका होतात. जुन्या सीटमध्ये साधारणपणे लोखंडी चौकट, स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग काथ्या किंवा कापसाचा थर आणि वर रेक्झिन, अशी रचना सापडते. कुशनवाला अनेकदा सुचवतो, ‘हे सगळे काढू, फोमचा ठोकळा टाकू.’ काम लवकर होते. पण सीटची उंची बदलते, डोके टपाला लागू लागते, स्टिअरिंगचे अंतर चुकते आणि बसल्यावर गाडी सोफ्यासारखी वाटते. स्प्रिंगा शाबूत असतील तर त्या घासून, गंजरोधक रंग लावून पुन्हा वापराव्यात. वर ४० डेन्सिटीच्या फोमचा पातळ थर चालतो.

काथ्या आणि कापूस यांचा एक तोटा मान्य करायला हवा. वाडीतल्या उंदरांना घरटे करायला याहून चांगली जागा मिळत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर सीटखाली नजर टाकत राहणे हाच उपाय.

शिवण सुती दोऱ्याने नको, दमट हवेत तो कुजतो. पॉलिएस्टरचा दोरा ऊन आणि पाणी दोन्ही सोसतो. दरवाजाच्या आतले पॅड बहुधा हार्डबोर्डचे असतात आणि काचेवरून आत उतरणाऱ्या पावसाच्या पाण्याने ते फुगतात. नवे रेक्झिन चढवण्यापूर्वी बोर्डाला दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारा आणि पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद लावा. टपाचे अस्तर जुन्या पद्धतीने तारेच्या कमानींवर ताणलेले असेल तर तसेच करून घ्या. फोम चिकटवलेले आधुनिक अस्तर काही पावसाळ्यांनंतर डोक्यावर लोंबू लागते.

आणि फरशी. कार्पेटखाली घातलेले तागाचे किंवा नमद्याचे अस्तर स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. वरून सगळे सुंदर, खाली पत्रा गंजत असतो. बॉडीवर केलेला निम्मा खर्च इथे वाया जातो. रबराचे मॅट, जे उचलून खाली पाहता येईल, हे किनाऱ्यावर कार्पेटपेक्षा शहाणपणाचे.

वारली चित्रे सीटवर चालतील?

हा प्रश्न इथे येणारच. मुंबईत २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमात तरुण डिझायनरांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीट आणि टपांसाठी नव्या नक्षीची कापडे बनवली आणि ती गाजली. डहाणू तर पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचा तालुका. पण रेक्झिनवर हाताने रंगवलेले चित्र टिकत नाही. वर येणाऱ्या प्लॅस्टिसायझरमुळे रंग चिकट होऊन सुटतो. सुती कापडावर मात्र तो बसतो. म्हणून मूळ रेक्झिन जपून त्यावर काढता-घालता येणारे सुती कव्हर करावे आणि चित्र त्यावर काढून घ्यावे, स्थानिक कलाकाराला योग्य मोबदला देऊन. सरकारी अॅम्बेसेडरच्या सीटवरचा पांढरा टर्किश टॉवेल आठवा. घाम तो टिपायचा, धुवून पुन्हा यायचा. या हवेत त्याहून सोयीचे काही नाही. उलट नव्या सीटवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ‘खराब होऊ नये’ म्हणून तसाच ठेवला, तर ओल त्याखाली कोंडते.

काम कोणाकडे आणि केव्हा?

महामार्गालगत ट्रकच्या सीट शिवणारा कारागीर जाड रेक्झिनवर सरळ, भक्कम शिवण घालतो. गाडीच्या सीटची पाइपिंग आणि उभ्या पट्ट्या हे नाजूक काम आहे. त्याला आधी एकच सीट द्या, ती पाहून पुढचे ठरवा. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कोनाचे फोटो काढा. जुने कव्हर फाडू देऊ नका, शिवण उसवून त्याचे तुकडे वेगळे करून घ्या. नव्या कटिंगचा फर्मा तोच. काम झाल्यावरही ते तुकडे फेकू नका. मूळ दाण्याचे रेक्झिन आता बाजारात मिळेलच असे नाही आणि उद्या कोणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली, तर एवढाच पुरावा उरतो.

हे काम पावसाळ्यात काढू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीट उघडून चौकट, गोणपाट आणि काथ्या दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावा. आतला काथ्या हाताला कोरडा लागल्याशिवाय कुशनवाल्याला वरचे कव्हर ओढू देऊ नका.