संरक्षण आदेश हातात आला, पुढे काय?

पेठ, मंचर, अवसरी, घोडेगाव या पट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "कोर्टाचा कागद आणला, पण दारू पिऊन आलेला माणूस कागद वाचून थांबणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. कागदात नेमकं काय लिहिलंय, तो कुणाकुणापर्यंत पोहोचलाय आणि तो मोडला गेला त्या दिवशी कोण उठून पोलीस ठाण्यात गेलं, यावर सगळं अवलंबून असतं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा, आणि तो लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 रोजी. त्याआधी मार खाणाऱ्या बाईच्या हाती मुख्यतः 498अ होतं, म्हणजे 1983 साली आलेलं फौजदारी कलम. (आता ते भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 या कलमांत गेलंय.) पण पुष्कळ बायांना नवरा तुरुंगात जायला नको असतो. मार थांबायला हवा असतो आणि डोक्यावरचं छप्पर जायला नको असतं. ही गरज ओळखून 2005 चा कायदा केला गेला. मारहाणीबरोबर शिवीगाळ, टोचून बोलणं, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं हेही त्यात हिंसा म्हणून धरलंय.

यातल्या कलम 18 खाली मिळतो तो संरक्षण आदेश. हिंसा करू नये, फोन किंवा मेसेज करू नये, कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत जाऊ नये, तिचं स्त्रीधन विकू नये, तिला आधार देणाऱ्या माहेरच्यांना त्रास देऊ नये, असं सगळं त्यात मागता येतं. कलम 19 घराबद्दल आहे. तिला घराबाहेर काढायला मनाई करता येते, गरज पडली तर नवऱ्यालाच घर सोडायला सांगता येतं. सासूला किंवा नणंदेला मात्र या कलमाखाली घराबाहेर काढता येत नाही. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केलं.

गफलत होते ती इथे. अर्ज लिहिताना सगळा जोर पोटगीवर असतो आणि कलम 18 ची मागणी एका ओळीत उरकली जाते. पोटगी लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण कलम 31 ची शिक्षा संरक्षण आदेश मोडल्याबद्दल आहे: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोटगी थकली तर वसुलीचा रस्ता वेगळा आणि लांबचा. म्हणून कलम 18 ची मागणी तपशीलवार असावी. "त्रास देऊ नये" एवढ्यावर पोलिसांना काही करता येत नाही. "पेठ येथील माहेरच्या घरी, अंगणवाडीत व शेतावर येऊ नये" असं लिहिलं तर तो त्या ठिकाणी दिसताच उल्लंघन झालं.

कायदा म्हणतो, अर्जानंतर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख मिळावी आणि तिथून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात किती तारखा पडतात ते घोडेगाव किंवा जुन्नरच्या कोर्टाच्या आवारात बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. सातगाव पठारावर बटाट्याची काढणी चालू असताना एक तारीख म्हणजे एक मजुरी बुडणं. त्यामुळे कलम 23 विसरून चालत नाही. पहिल्याच दिवशी प्रतिज्ञापत्र जोडून अंतरिम आदेश मागता येतो, आणि धोका दिसला तर समोरच्याला न ऐकताही न्यायाधीश तो देऊ शकतात. त्यांनी धोका पाहावा म्हणून दवाखान्याचे कागद, फोटो, मेसेज आणि आधीच्या तक्रारींच्या पोच अर्जासोबतच लावाव्यात.

अर्ज सासरच्या गावीच करावा लागतो हाही गैरसमज आहे. पेठची मुलगी भोसरीला दिली असेल आणि मार खाऊन माहेरी आली असेल, तर ती राहते तिथल्या, म्हणजे घोडेगावच्या कोर्टात अर्ज करू शकते. तात्पुरतं राहणंही पुरतं. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल अजून आला नाही म्हणून अर्ज थांबत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या प्रभा त्यागी निकालात सांगितलंय.

आपल्या समाजात आणखी एक शंका येते. लग्न विहारात बौद्ध पद्धतीने झालं, नोंदणी केलीच नाही, मग अर्ज चालेल का? चालेल. या कायद्याला नोंदणीचा दाखला अनिवार्य नाही, लग्नासारखं नातंसुद्धा त्यात धरलंय. पत्रिका, फोटो, लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची साक्ष, रेशनकार्ड, मुलांचे दाखले उपयोगी पडतात. तरी नोंदणी करून घ्यावी, पुढच्या कटकटी वाचतात.

आता उल्लंघनाबद्दल. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तरीही ठाण्यात "हे घरगुती आहे, कोर्टात जा" असं ऐकवलं जातं. अशा वेळी कलम 31 आणि 32 चं नाव घ्यावं. आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला मोफत पाठवायची असते. ती खरंच पोहोचली का, हे कार्यकर्त्याने स्वतः जाऊन पाहावं आणि पोच घ्यावी. कारण रात्री अकराला 112 वर फोन गेल्यावर येणाऱ्या पोलिसाला आदेशाची कल्पना नसेल, तर तो दोघांची समजूत काढून परत जाईल. उल्लंघनाला साक्षीदार नव्हता तरी तिच्या एकटीच्या साक्षीवर न्यायालय गुन्हा सिद्ध मानू शकतं, अशी तरतूद कलम 32 मध्ये आहे. वकिलांनाही कधी कधी ती आठवून द्यावी लागते.

आदेश म्हणजे दारात उभा केलेला पहारेकरी नव्हे. बाई घर सोडते तेव्हा, आणि नोटीस त्याच्या हातात पडते तेव्हा, धोका वाढतो. या कायद्याच्या नियमांत सुरक्षा योजनेचा नमुना दिलेला आहे. संरक्षण अधिकाऱ्याने तो बाईसोबत बसून भरायचा असतो. त्या दिवसांत ती कुठे झोपणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, हे आधी ठरलेलं हवं. यात तरुण मंडळींचा खरा उपयोग आहे.

तो होतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. उरलेल्यांना कोण अडवतं याचा विचार करताना आपल्या बैठकाही आठवाव्यात. वाद आला की चार जाणती माणसं बसतात, नवऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर "पुन्हा हात उचलणार नाही" असं लिहून घेतात आणि मुलीला परत पाठवतात. तो कागद मोडला तर कलम 31 लागत नाही, कारण तो न्यायालयाचा आदेश नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी 27 सप्टेंबर 1951 रोजी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. त्याच मंडपातल्या एखादीला "नांदायला जा, समाजात नाव जाईल" म्हणणारेही आपणच असतो. समेट करू नये असं आमचं म्हणणं नाही. पण तो बाईने मागितला असेल तर करावा, आणि अंतरिम आदेश हातात आल्यावर करावा.

वकिलाच्या फीची भीती घालून अनेकींना थांबवलं जातं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, त्यासाठी हेल्पलाइन 15100 आहे आणि महिला हेल्पलाइन 181. हे दोन आकडे आणि घोडेगाव, जुन्नरच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव व कार्यालयीन फोन विहाराच्या फलकावर, वर्षावासाच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी लावायला एक संध्याकाळ पुरेल. अधिकारी बदलले की फलक बदलायचा, एवढंच लक्षात ठेवावं लागेल.