मागणे आणि सोसणे : ख्रिस्ती प्रार्थनेतील श्रद्धा व धीर

गोव्यातील ख्रिस्ती समाज कोकणीत प्रार्थनेला ‘मागणें’ म्हणतो, श्रद्धेला ‘भावार्थ’ आणि धीराला ‘सोंसणिकाय’. हे तीन शब्द शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो. जे मागितले ते मिळाले नाही, तर श्रद्धा उणी पडली असे समजायचे काय? आणि सोसायचे ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न केवळ धर्मपंडितांचा नाही. दरवर्षी २४ नोव्हेंबरपासून जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताचा नोव्हेना सुरू होतो. नोकरी, अपत्य, घरातला दुर्धर आजार अशी नाना गाऱ्हाणी घेऊन लोक तेथे येतात आणि त्यांत इतर धर्मांचे भाविकही असतात. ३ डिसेंबरचे फेस्त आटोपते. कुणाचे मागणे पुरे होते, कुणाचे होत नाही. ज्यांचे होत नाही, त्यांना ‘तुमचा विश्वासच कमी पडला’ असे सांगणारी माणसे सर्वच धर्मांत भेटतात. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला हा दुहेरी घाव असतो. आप्त दुरावतो आणि त्याचा दोषही त्याच्याच पदरी पडतो. ख्रिस्ती परंपरेची मूळ शिकवण मात्र या निष्कर्षाला पाठिंबा देत नाही.

नोव्हेनाचे मूळच पाहावे. लॅटिन भाषेतील ‘नऊ’ या संख्येवरून हा शब्द आला. येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित, काही स्त्रिया आणि येशूची माता मरिया हे सारे जेरुसलेममध्ये माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करीत राहिले. पुढे पेन्टेकॉस्टच्या दिवशी त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे. मधले दिवस नऊ होते, हे मागाहून मोजले गेले. त्या खोलीत बसलेल्यांना दिवसांची संख्या ठाऊक नव्हती. ‘फार दिवस नाहीत’ एवढ्याच अर्थाचे आश्वासन त्यांच्यापाशी होते. पहिला नोव्हेना असा मुदतीविना झाला.

विधवा आणि न्यायाधीश

धीराविषयी येशूने सांगितलेला सर्वांत परिचित दृष्टान्त लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे. एका नगरात देवाची भीती नसलेला आणि माणसांचीही पर्वा न करणारा न्यायाधीश असतो. एक विधवा न्यायासाठी त्याच्याकडे पुनःपुन्हा येते. अखेर कंटाळून तो तिला न्याय देतो. हा दृष्टान्त वरवर वाचणाऱ्याला वाटते की देवाच्या मागे तगादा लावला की तो नमतो. पण देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असे येथे म्हटलेले नाही. अन्यायी माणूसदेखील ऐकतो, तर न्यायी देव ऐकणार नाही काय, असा हा युक्तिवाद आहे. दृष्टान्ताच्या शेवटी येशू स्वतःच एक प्रश्न विचारतो, आणि तो देवाच्या ऐकण्याविषयीचा नसून माणसाची श्रद्धा टिकेल की नाही याविषयीचा आहे. विलंबात कसोटी लागते ती श्रद्धेच्या चिकाटीची. शब्दांच्या संख्येची नव्हे.

ज्यांचे मागणे नाकारले गेले

मागणे फळाला आले नाही म्हणजे श्रद्धा दुबळी, हा नियम मानला तर तो सर्वप्रथम येशूलाच लावावा लागेल. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, हे दुःख टळावे अशी प्रार्थना त्याने केली. ती त्याने तीनदा केली, असे मत्तय नोंदवतो. दुःख टळले नाही. मात्र प्रत्येक वेळी त्याने आपली इच्छा पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केली. संत पौलानेही आपल्या देहातला एक ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो काटा कोणता, हे पौलाने सांगितलेले नाही. काटा गेला नाही. तो सोसायला लागणारी कृपा पुरेशी आहे, एवढे उत्तर त्याला मिळाले.

धीर म्हणजे मुकाट राहणे, असाही एक गैरसमज आहे. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्रात विलंबाचा जाब देवाला चार वेळा विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कोणत्याही दिलाशाविना अंधारातच संपते. ते वगळावे असे परंपरेला वाटले नाही. गाऱ्हाणे ऐकणारा कोणी आहे, हे गृहीत धरल्यावाचून गाऱ्हाणे घालताच येत नाही. म्हणून तक्रार हीदेखील प्रार्थनाच ठरली.

मोनिकेची प्रतीक्षा

जुन्या गोव्यातील एक वास्तू अशाच दीर्घ प्रतीक्षेच्या नावाने उभी आहे. आर्चबिशप आलेइश द मिनेझिस यांच्या पुढाकाराने १६०६ मध्ये स्थापन झालेला सांता मोनिका हा जोगिणींचा मठ संत ऑगस्टीनच्या आईला अर्पण केलेला आहे. संत ऑगस्टीनच्या चर्चचा भग्न मनोरा त्याच्या जवळच आहे. आई आणि मुलगा असे आजही शेजारी आहेत.

ऑगस्टीन इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे जन्मला. आज हा भाग अल्जीरियात मोडतो. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास तो मॅनी पंथाकडे वळला. मोनिकेने प्रथम त्याला आपल्या घरी, आपल्या पंगतीला बसू देण्यासही नकार दिला. पुढे तिने स्वतःच तो नकार मागे घेतला. एका बिशपकडे जाऊन ‘तुम्ही त्याला समजवा’ अशी विनवणी तिने केली. मुलगा अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, तूर्त केवळ प्रार्थना कर, असा सल्ला त्याने दिला. ती हटेना, तेव्हा इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही, अशा आशयाचे शब्द बोलून त्याने तिला निरोप दिला.

३८३ मध्ये ऑगस्टीन रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून मोनिका कार्थेजच्या बंदरापर्यंत गेली. मित्राला निरोप द्यायचा आहे, अशी थाप मारून तो रात्री जहाजात बसला. आई त्या रात्री जवळच्या प्रार्थनास्थळात, तो जाऊ नये म्हणूनच प्रार्थना करीत होती. सकाळी किनारा रिकामा होता. ऑगस्टीनने पुढे ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात या रात्रीचा अर्थ लावला आहे. त्याच्या मते, आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती नेहमी जे मागत आली होती ते त्याला द्यायचे होते. रोमहून ऑगस्टीन मिलानला गेला, तेथे बिशप अॅम्ब्रोज यांची प्रवचने त्याच्या कानी पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. मॅनी पंथात गेल्यापासून सुमारे चौदा वर्षे लोटली होती.

या काळात केवळ मुलगाच बदलला असे नाही. आपल्याला मायदेशी, पतीशेजारीच पुरावे, असा मोनिकेचा अनेक वर्षांचा आग्रह होता. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरात तिला मृत्यूने गाठले, तेव्हा देह कुठेही पुरा, असे तिने सांगितले. मुलाला पंगतीतून उठवणारी, नंतर त्याला जवळ घेणारी आणि अखेर स्वतःचे थडगेही सोडून देणारी ही एकच स्त्री आहे. चौदा वर्षांच्या मागण्याने तिची मूठ हळूहळू उघडली.

शेतकऱ्याचा धीर

मोनिकेचे मागणे शेवटी पुरे झाले. सर्वांचेच होते असे नाही. तिच्या कथेवरून ‘थांबा, मिळेलच’ असा हमीपत्रासारखा नियम काढता येणार नाही. याकोबाच्या पत्रात धीरासाठी शेतकऱ्याची उपमा आली आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. पाऊस त्याच्या हातात नसतो, नांगरणी मात्र असते. म्हणून हा धीर हातावर हात ठेवून बसण्याचा नाही. कॅथलिक बायबलमधील सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि त्याच श्वासात वैद्यालाही त्याचे स्थान द्यायला सांगतो. प्रार्थना केली म्हणून औषध थांबवणे, ही श्रद्धेची खूण या परंपरेत मानलेली नाही.

नव्या करारात धीरासाठी येणाऱ्या एका ग्रीक शब्दाचा, ‘हुपोमोने’चा, शब्दशः अर्थ ‘खाली टिकून राहणे’ असा होतो. भार उतरला नाही तरी जागा न सोडणे, हा त्याचा भाव. आपली ‘सोंसणिकाय’ त्याच्या अगदी जवळ जाते. म्हणून फेस्त संपल्यावरही ज्याचे गाऱ्हाणे उरले आहे, त्याच्या श्रद्धेचे मोजमाप करण्याचा अधिकार ही शिकवण इतरांना देत नाही. त्याच्याबरोबर थोडा वेळ बसावे, दवाखान्याची एखादी खेप आपण करावी आणि त्याचे मागणे आपलेही म्हणून मागावे. माडीवरच्या त्या खोलीतही कुणी एकट्याने वाट पाहिली नव्हती.