आद्य अमेरिकन वाङ्मयाची कैफियत

अमेरिकेतील महाविद्यालयात आद्य अमेरिकन वाङ्मयाचा अभ्यासक्रम पत्करणारा विद्यार्थी कथा-कादंबऱ्यांची अपेक्षा बाळगून वर्गात येतो, आणि त्याच्या हाती पडतात ती प्रवचने, रोजनिश्या, वसाहतींचे वृत्तान्त, बंदिवासाच्या हकिकती व राजकीय पत्रके; तेव्हा याला वाङ्मय म्हणावे तरी कसे, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला तर तो गैरवाजवी नव्हे. माझ्या मते या अध्ययनाचे मर्मच त्या प्रश्नात आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील हे लेखन आज आपल्यापुढे आहे ते त्याच्या अंगभूत गुणांमुळे जितके, तितकेच ते कोणी जपले, कोणी छापले आणि त्याला कोण जामीन राहिले यामुळे. म्हणून ग्रंथाबरोबर ग्रंथाचे प्राक्तनही वाचल्यावाचून हा विषय उलगडत नाही.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या आणि पुढे प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर म्हणून दीर्घकाळ कारभार पाहिलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने १६३० च्या सुमारास वसाहतीचा जो वृत्तान्त लिहावयास घेतला, तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. ते हस्तलिखित बॉस्टनमधून स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले, १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडले, आणि १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत मिळाले. एडवर्ड टेलर हा वेस्टफील्डचा धर्मोपदेशक १७२९ साली वारला. येलच्या ग्रंथालयात पडून राहिलेल्या त्याच्या कविता १९३७ साली उजेडात येईपर्यंत कवी म्हणून तो जवळजवळ अज्ञातच होता, आणि आज त्याच्यावाचून हा अभ्यासक्रम पुरा होत नाही.

मेरी रोलँडसनची हकिकत तर याहून गुंतागुंतीची आहे. वसाहतवाले आणि मूलनिवासी यांच्यात पेटलेल्या युद्धात १६७६ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावावर मूलनिवासींचा हल्ला झाला, ती मुलांसह बंदिवान झाली, जखमी झालेली तिची सहा वर्षांची मुलगी वाटेतच गेली, आणि सुमारे अकरा आठवड्यांच्या वणवणीनंतर वीस पौंड खंडणी भरून तिची सुटका झाली. १६८२ साली प्रसिद्ध झालेले तिचे पुस्तक वीस मजलांत विभागलेले असून त्यात जागोजागी बायबलातील वचनांचा आधार आहे. परंतु खंडणीच्या वाटाघाटींत मूलनिवासींच्या बाजूने लेखनिक म्हणून काम केलेला जेम्स प्रिंटर हा निपमक जमातीचा, मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजच्या छापखान्यात तयार झालेला जुळारी होता, आणि युद्धानंतर छापखान्यात परतून या पुस्तकाचे खिळे त्यानेच जुळवले असे अभ्यासक मानतात. ज्यांना ती बाई नरकातले शिकारी कुत्रे म्हणते, त्यांच्यातल्याच एकाच्या हातून तिचे शब्द कागदावर उमटले असतील, तर ते पुस्तक साध्या मनाने वाचणे शक्य नाही.

मला मात्र सर्वाधिक खिळवून ठेवते ते फिलिस व्हीटलीच्या कवितासंग्रहाच्या आरंभीचे एक पान. १७६१ साली, सातआठ वर्षांची असताना, आफ्रिकेतून बॉस्टनला आणून विकलेल्या या मुलीला ज्या जहाजातून आणले त्याचेच नाव देण्यात आले. मालकाच्या घरी ती लिहावाचावयास शिकली, लॅटिन काव्यापर्यंत पोहोचली आणि स्वतः कविता करू लागली. बॉस्टनमध्ये प्रकाशक न मिळाल्याने १७७३ साली संग्रह निघाला तो लंडनला. आणि या कविता खरोखर याच मुलीच्या आहेत, असा दाखला त्याला जोडावा लागला, ज्यावर गव्हर्नर हचिन्सन, जॉन हँकॉक, अनेक धर्मोपदेशक आणि खुद्द तिचा मालक अशा अठरा गृहस्थांच्या सह्या आहेत. स्वतःच्याच कवितेची मालकी सिद्ध करण्यासाठी आपल्या मालकाची साक्ष जिला लागली, तिची ही अवस्था कवितांच्या आधी वाचावी. त्यानंतरही जेफर्सनसारख्या विद्वानाने तिच्या कवितांना टीकेच्याही योग्यतेचे मानले नाही, आणि वर्गणीदारांअभावी तिचा दुसरा संग्रह निघालाच नाही.

या मंडळींपैकी अनेकांना पाठ्यसंग्रहांत हक्काची जागा मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर प्युरिटन धर्मोपदेशक, बेंजामिन फ्रँकलिन आणि टॉमस पेन यांच्यावरच बहुतेक तास खर्ची पडत.

पेनचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. त्याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास वाचला, आणि १८७३ साली, म्हणजे व्हीटलीच्या संग्रहानंतर बरोबर शंभर वर्षांनी, आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. आपल्या विद्यापीठांतील इंग्रजी विभाग अमेरिकन वाङ्मय शिकवताना बहुधा एमर्सन-व्हिटमनपासून आरंभ करतात, त्याऐवजी त्यांनी बॉस्टनच्या अठरा सह्यांचा तो दाखला आणि पुण्याची ही अर्पणपत्रिका, ही दोन पाने पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.