नोंद आहे, पण सापडत नाही!

बालाघाटाच्या डोंगरातील येडशी हे गाव रामलिंगाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. 2023 साली त्याच्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. गाव तेच राहिले. पण अशा वेळी संगणकातील नोंद हरवू शकते. कशी, ते पाहू.

समजा, गावांची कार्डे आपण क्रमांक घातलेल्या खणांत ठेवतो. नियम सोपा आहे : गाव व जिल्हा यांच्या नावांतील अक्षरे मोजायची, जोडाक्षर एकच धरायचे. येडशीची 3 आणि उस्मानाबादची 5. म्हणून कार्ड 8 व्या खणात. आता कार्ड तिथेच ठेवून त्यावर 'धाराशिव' असे लिहा. 3 अधिक 4 म्हणजे 7! शोधणारा 7 वा खण उघडतो, तर तिथे कार्ड नाही. 8 व्या खणात ते सुखरूप आहे, पण सापडत नाही.

माहितीवरून नियमाने काढलेल्या अशा अंकाला 'हॅश कोड' म्हणतात. त्यामुळे संगणकाला लाखो नोंदी एकेक करून चाळाव्या लागत नाहीत. मात्र याच जिल्ह्यातील कळंब आणि परंडा, दोन्ही नावे तीन अक्षरी. दोघांचा खण एकच! म्हणून खण उघडल्यावर 'हेच का ते?' ही समानतेची परीक्षा घ्यावीच लागते. जावा या संगणकभाषेत या दोन कामांना 'हॅशकोड' आणि 'इक्वल्स' अशी नावे आहेत. समान ठरणाऱ्या वस्तूंचा हॅश कोड सारखाच हवा. पण हॅश कोड सारखा असला म्हणजे वस्तू समान, असे मात्र नाही.

दुसरा चकवा कायम साठवायच्या नोंदींचा. पुष्कळदा नोंद साठविल्यावरच डेटाबेस तिला क्रमांक देतो. शाळेत प्रवेशाचा अर्ज येतो तेव्हा त्यावर जनरल रजिस्टरचा नंबर कुठे असतो? तो अर्ज शून्याच्या खणात ठेवला आणि नंतर 47 नंबर मिळाला, तर 47 च्या खणात तो कसा सापडेल?

यावर उपाय दोन. एक, हॅश कोड न बदलणाऱ्या खुणेवरूनच काढावा. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक होता. जिल्ह्याच्या नावाशी त्याचा संबंध नाही. दोन, नोंद तयार होतानाच तिला स्वतंत्र क्रमांक द्यावा. त्यासाठी 128 बिटांचे क्रमांक वापरतात. ते इतके असंख्य आहेत की दोन नोंदींना एकच क्रमांक मिळण्याची भीती जवळजवळ नसते. मग एक प्रत जुन्या नावाची आणि दुसरी नव्या नावाची असली, तरी दोन्ही एकाच गावाच्या, हे संगणकाला कळते.

आता तुम्ही विचार करा : वर्गातील मुलांची कार्डे खणांत लावायची आहेत. नाव, पत्ता, वय, हजेरी क्रमांक, जन्मतारीख यांपैकी कशावरून खण ठरवाल? कोणती गोष्ट पुढच्या वर्षी बदलेल?