लाकडाचे घर आणि हवेचा हिशेब
(द्वितीय वर्ष कला)

कोकणातले घर म्हटले की जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि पुढे पडवी असे चित्र डोळ्यांसमोर येते. पण छपराचा भार ज्यांच्यावर असतो त्या खांब, तुळया, आढे आणि वाशांकडे सहसा कोणी पाहत नाही. मी सुताराची मुलगी, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. आमच्या वेळणेश्वरात जुनी घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. युरोप-अमेरिकेत मात्र याच काळात लाकडाच्या बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. हे उलटे चक्र कशामुळे, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कार्बन आपल्या खोडात साठवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. ४ घनफुटांची सागवानी तुळई साधारण ७२ किलो भरते. म्हणजे तिच्यात ३६ किलो कार्बन आला. १२ किलो कार्बनापासून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. या प्रमाणाने ती एकटी तुळई हवेतला १३२ किलो वायू धरून बसली आहे. ती कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत तो वायू हवेत परत जाणार नाही.

सिमेंटचे गणित याच्या उलट आहे. ते करताना चुनखडी भट्टीत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीचे तापमान सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत न्यावे लागते. त्या इंधनाचा धूर वेगळाच. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या या वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. पृथ्वी तापत असताना बांधकामासाठी लाकडाची आठवण व्हावी, यात नवल नाही.

पण उंच इमारतीला पुरेल एवढे जाड लाकूड आणायचे कोठून? त्यावरचा उपाय म्हणजे ‘मास टिंबर’. यात शंभर वर्षांचे झाड तोडावे लागत नाही. लहान झाडांच्या फळ्या वाळवून, एकीवर एक चिकटवून जाड तुळया तयार करतात. भिंती आणि जमिनीसाठी एक थर उभा, त्यावरचा आडवा, असे तीन, पाच किंवा सात थर दाबून मोठे पाट करतात. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट आणि आडवे कमकुवत असते. थर उलटसुलट ठेवल्याने ही उणीव भरून निघते. प्लायवूडचेच हे थोरले भावंड म्हणा ना! नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे २०१९ मध्ये १८ मजल्यांची, ८५.४ मीटर उंचीची लाकडी इमारत पुरी झाली. अमेरिकेत मिलवॉकी येथे २०२२ मध्ये २५ मजल्यांची इमारत झाली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे असून वरचे लाकडाचे आहेत.

आता शंका. लाकूड जळत नाही का? जळते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि दगडी जोते तेवढे उरले, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र जाड तुळई काडीसारखी भडकत नाही. बाहेरून कोळशाचा थर धरतो आणि आतला गाभा काही काळ सुरक्षित राहतो. कोळसा मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर आत सरकतो, हे धरून तुळईची जाडी ठरवता येते. माणसे बाहेर पडेपर्यंत ती टिकली पाहिजे. दुसरा शत्रू ओल आणि वाळवी. आमचे वडील सांगतात की पाऊस लागून लगेच वाळणारे लाकूड टिकते. पाणी मुरून राहिले की ते गेलेच. कोरड्या जागी लाकूड किती टिकते ते पाहायचे असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तेथील छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत.

तिसरी शंका जंगलाची, आणि ती सर्वांत मोठी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकडावर बंदी घातली होती. २०२० मध्ये ती उठवली. जंगल वाचवावे हा बंदीचा हेतू योग्यच होता. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढले नाही, तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. आमच्या जिल्ह्यात जंगलाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. म्हणून ही जबाबदारी सरकारवर ढकलून चालणार नाही.

मग आमच्या गावातली माणसे चुकतात का? मला तसे वाटत नाही. माकडे कौले फोडतात, दरवर्षी घर शाकारायला माणूस मिळत नाही, कर्ती मुले मुंबईला असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडची किती छपरे उडाली! त्यानंतर ज्याला परवडेल तो स्लॅब घालणारच. माझे वडीलही आता बहुतेक सेंट्रिंगची कामे करतात. काँक्रीट घट्ट होईपर्यंत फळ्यांचा साचा धरायचा आणि मग तो काढून टाकायचा. पूर्वी ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे लाकूड बसवले, ते आता काही दिवसांपुरते बसवतात.

नॉर्वेसारखा कारखाना उद्या गुहागर तालुक्यात निघेल असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट आजही होण्याजोगी आहे. घर उतरवताना चांगल्या तुळया आणि खांब न्हाणीच्या चुलीत जातात. वर्षानुवर्षे साठलेला वायू काही तासांत मोकळा होतो. पूर्वी जुन्या घराचे लाकूड नव्या घरात बसवीत असत. त्यात काटकसर होती आणि, नकळत, हवेचीही राखण होती. स्लॅबच्या घरातही माळा, जिना, दरवाजे यांना ते लाकूड चालते. मात्र घर पाडण्याआधी सुताराला बोलावून कोणते लाकूड धड आहे ते तपासून घ्यायला हवे. एवढे केले तरी आजोबा-पणजोबांनी लावलेल्या झाडांचे चीज होईल, आणि गावातल्या सुतारालाही त्याचे खरे काम परत मिळेल.