आंतड्यांतील जंतुसृष्टि

सांगोला तालुक्यांत पाऊस थोडा, परंतु डाळिंब उत्तम पिकतें. या फळांत जीं तुरट द्रव्यें असतात, तीं जशींच्या तशीं मनुष्याच्या रक्तांत फारशीं शोषलीं जात नाहींत. मोठ्या आंतड्यांत राहणारे सूक्ष्म जंतु त्यांचें विघटन करून ‘युरोलिथिन’ नांवाचीं निराळीं द्रव्यें बनवितात, आणि मग तीं शरीराला लाभतात. हें कसब असणारे जंतु प्रत्येकाच्या पोटांत नसतात. म्हणून एकाच बागेंतलें डाळिंब दोघां भावांनीं वाटून खाल्लें, तरी दोघांच्या पदरांत सारखेंच पडेल असें नाहीं. मनुष्याचें जेवण हें एकट्याचें नसून ती एक मोठी पंगतच असते.

या पंगतींत बसणारे किती? २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणें मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असतात. त्याच्या स्वतःच्या पेशींची संख्याहि जवळजवळ तितकीच भरते. या सर्व जंतूंचें वजन मात्र अवघें २०० ग्रॅमच्या आसपास. त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आंतड्यांत असते.

जंतु म्हटला कीं रोग, ही समजूत पटकी व विषमज्वर यांनीं आपल्याकडे रुजविली. ती अर्धीच खरी आहे. भाकरीच्या कोंड्यांतला आणि कडधान्यांच्या टरफलांतला जो चोथा मनुष्याला पचत नाहीं, त्यांतील बराच भाग हे जंतु आंबवितात. त्यांतून ब्युटिरिक आम्ल निर्माण होतें, आणि मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशी मुख्यतः त्यावरच पोसल्या जातात. या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. तो घराभोंवतालच्या कुंपणासारखा समजावा. जंतु कुंपणाबाहेर आहेत तोंवर सलोखा टिकतो. उंदरांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, अन्नांतील चोथा अजिबात बंद केला म्हणजे कांहीं जंतु भुकेपोटीं हें कुंपणच खाऊं लागतात.

कुंपण विरळ झालें कीं जंतु थेट पेशींना भिडतात आणि शरीराचें संरक्षक दळ धांवून येतें. ही लढाई मिटण्याऐवजीं रेंगाळली म्हणजे आंतड्याला कायमची सूज येते, व्रण पडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोनचा रोग हे या जातीचे विकार होत. त्यांत आनुवंशिक दोषाचाहि वांटा असतो. परंतु असा दोष मुद्दाम निर्माण केलेले कांहीं उंदीर संपूर्ण निर्जंतुक स्थितींत वाढविले असतां त्यांना सूज आली नाहीं. यावरून जंतूंवांचून ही आग पेटत नाहीं, हें स्पष्ट झालें.

सूज वर्षानुवर्षें राहिली तर पेशी पुनःपुन्हां झिजतात व नव्या बनतात, आणि या घाईंत त्यांच्या आनुवंशिक लेखांत चुका शिरतात. कर्करोगाचें बीज तेथें पडतें. कांहीं जंतु तर या लेखावर प्रत्यक्ष घाव घालतात. ई. कोलाय या एरव्हीं निरुपद्रवी जंतूच्या कांहीं उपजाती ‘कोलिबॅक्टिन’ नांवाचें विष तयार करतात. त्या विषाची विशिष्ट खूण मोठ्या आंतड्याच्या कांहीं कर्करोगांतहि उमटलेली असल्याचें २०२० सालीं दिसून आलें. तोंडांत राहणारा फ्यूजोबॅक्टेरियम हा जंतुहि अशा गांठींत वारंवार सांपडतो. तथापि सारा दोष जंतूंच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. वय, आनुवंशिकता, तंबाखू, मद्य व लठ्ठपणा हेहि त्यांचे भागीदार आहेत.

सोलापूर जिल्ह्यांतच, बार्शी येथें, १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तेथील खेड्यांतून मोठ्या आंतड्याचा कर्करोग मुंबईच्या मानानें पुष्कळच कमी आढळला. याचीं कारणें अनेक असतील, पण ज्वारीची भाकरी व कडधान्यें हें त्यांतील एक असावें, या तर्काला बळ देणारा एक प्रयोग परदेशीं झाला आहे. अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाचे वीस लोक व दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस लोक यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यांत आली. २०१५ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चोथा भरपूर व चरबी कमी असलेलें अन्न मिळतांच अमेरिकनांच्या आंतड्यांतील ब्युटिरिक आम्ल वाढलें व सुजेचीं चिन्हें उतरलीं. खेडुतांच्या पोटांत नेमकें याच्या उलट घडलें. अवघ्या पंधरवड्यांत एवढा पालट!

आज तालुक्याच्या गांवींहि भाकरीची जागा बिस्किटें व मैद्याचे पदार्थ घेऊं लागले आहेत. ज्वारी, मटकी, पालेभाजी व फळें यांना ताटांतून हद्दपार करणें म्हणजे पंगतींतल्या सोबत्यांना उपाशी उठविणें होय. प्रतिजैविक औषधेंहि वैद्यकीय सल्ल्यावांचून घेऊं नयेत. त्यांनीं शत्रूबरोबर मित्रहि मरतात.

मात्र आहार म्हणजे औषध नव्हे. शौचावाटें रक्त जाणें, शौचाच्या संवयींत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल, कारणावांचून वजन घटणें किंवा पंडुरोग हीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांकडे जावें. ‘मूळव्याध असेल’ असें म्हणून संकोचापायीं कित्येक माणसें महिनोन्‌महिने गप्प बसतात, आणि तेवढ्यांत रोग हातचा निसटतो. हा कर्करोग बहुधा आंतड्याच्या आंतील लहान अंकुरापासून अनेक वर्षांनीं वाढतो. दुर्बिणीनें तपासून तो अंकुर वेळींच काढला तर पुढचें सारें टळतें. घरांतील वडील माणसानें अशी तक्रार दबक्या आवाजांत सांगितली, तर ती हंसण्यावारी नेऊं नये.