पत्र्याखालचा उन्हाळा आणि चंदेरी रंग

पास्काचा सण आटोपला की बेळगाव-खानापूरकडील खेड्यांत, आणि त्याहूनही अधिक इंदूर, बडोदे, हैद्राबाद ह्या बाजूंना वसलेल्या आमच्या मराठी कुटुंबांत, छपराची बोलणी सुरू होतात. दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या खोलीत पाळण्यातले मूल कासावीस होऊन रडते, खाटेवरील म्हातारे माणूस निपचित पडते, आणि घरधनी मनाशी हिशेब मांडू लागतो की यंदा काही तरी केलेच पाहिजे. अशा वेळी दारात विक्रेता उभा राहतो. त्याच्यापाशी चंदेरी रंगाचा डबा असतो आणि फवारणीचा पंप. माळ्यावर चढून छपराच्या आतल्या अंगाने हा रंग एकदा फवारला की घर थंडगार, असे तो छातीठोकपणे सांगतो. ‘फादर, हे खरे काय हो?’ असा प्रश्न आम्हांस अलीकडे इतक्या घरी विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे हे बरे.

हे बोलणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु कोणत्या छपराला आणि कोणता रंग, हे न पाहता पैसे मोजणारा मात्र हमखास फसतो.

शेकोटीपुढे बसले असता तोंड भाजून निघते आणि पाठ गारच राहते, हा अनुभव सर्वांचाच आहे. ती धग हवेतून येत नाही. ती किरणांच्या रूपाने सरळ अंगावर येते. शास्त्रज्ञ तिला प्रारण म्हणतात. उन्हाने तापलेला पत्रा खाली झोपलेल्या माणसाला ह्याच रीतीने शेकत असतो, आणि म्हणूनच पंखा कितीही जोराने फिरला तरी डोक्यावरची धग हटत नाही. आता कोणताही पृष्ठभाग अशी धग किती बाहेर टाकतो, हे मोजण्याचा एक आकडा आहे. त्यास उत्सर्जकता म्हणतात. तो शून्यापासून एकपर्यंत असतो. गंजका पत्रा, कौल, लाकूड, सिमेंट आणि आपले नेहमीचे सर्व रंग, मग ते पांढरे असोत की काळे, ह्यांचा आकडा ०.९च्या आसपास, म्हणजे ते जवळजवळ सगळी धग खाली ओततात. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्रीचा आकडा अवघा ०.०५. आतून फवारण्याचा चंदेरी लेप ह्या दोहोंच्या मध्ये बसतो. अमेरिकेत, जेथून ही पद्धत आली, तेथे आकडा ०.२५ किंवा त्याहून कमी असल्याशिवाय लेपाला उष्णतारोधक म्हणत नाहीत. आमच्याकडे फाटकाला आणि खिडकीच्या गजांना लावतात तो साधा चंदेरी रंग दिसायला तसाच असतो, पण बहुधा ह्या कसोटीला उतरत नाही. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: ह्याची उत्सर्जकता किती, आणि ती कोठे लिहिली आहे? डब्यावर अगर पत्रकावर आकडा नसेल तर त्याला पाणी द्यावे, आणि निरोप द्यावा.

हा गुण छपराच्या आतल्या बाजूला उपयोगी आहे, तोच वरच्या बाजूला दोष ठरतो. नवा कोरा जस्ती पत्रा उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग परतवून लावतो, तरी दुपारी त्याला हात लावून पाहा, भाजल्याशिवाय राहणार नाही. कारण जी काही उष्णता त्याने घेतली ती तो आकाशाकडे टाकू शकत नाही. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि घेतलेली धगही वर सोडून देतो. म्हणून छपराला वरून चंदेरी रंग देणे हे अर्धवट शहाणपण होय. वरून पांढरा आणि आतून चंदेरी, हा खरा क्रम.

त्यातूनही एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. नव्या जस्ती पत्र्याची आतली बाजू मुळातच चकचकीत असते. तिला पुन्हा चंदेरी लेप देणे म्हणजे पैशाची नासाडी. कारखान्यातून रंग लावून येणारे निळे-तांबडे पत्रे आणि जुने गंजके पत्रे, ह्यांना मात्र आतून लेपाचा उपयोग होतो. लेपासमोर मोकळी हवाही हवी, निदान एक इंचभर. पत्र्याला फळ्या किंवा थर्माकोल चिकटवून त्यामागे चंदेरी रंग कोंडला तर तो निरुपयोगी झाला, कारण मग उष्णता किरणांनी न जाता स्पर्शाने जाते.

कौलारू घरांची गोष्ट थोडी निराळी. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या प्रोटेस्टंट बंधूंनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौले गोवा-बेळगावपर्यंत घरोघर चढली. त्यांच्या सांध्यांतून तापलेली हवा निघून जाते, आणि खाली तक्तपोशी व माळा असेल तर ऊन खोलीपर्यंत पोचता पोचताच दमते. अशा घरात रंगाआधी माळ्याचा झरोका उघडा आहे ना, हे पाहावे. कित्येक ठिकाणी उंदीर-वटवाघळांच्या भयाने तो फळी ठोकून बंद केलेला असतो. तेथे जाळी बसविणे पुरे. चूल ज्या भागात पेटते तेथे तर चंदेरी लेपाला एक पैसाही खर्चू नये. काजळी धरली की त्याचा सारा गुण संपतो.

आता दुसरा प्रकार. काही रंगांत मातीच्या भाजलेल्या सूक्ष्म गोळ्या असतात व त्यामुळे रंगाचा पातळ थर जाड गादीइतकी उष्णता अडवितो, अशी जाहिरात केली जाते. कागदाइतका पातळ थर गादीचे काम करणार कसे? २०२० मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने असे फुगविलेले दावे करणाऱ्या चार रंगकंपन्यांविरुद्ध न्यायालयात दावे लावले. खऱ्या चंदेरी अडसराबद्दलही तेथील ऊर्जा खाते फार मोठे बोलत नाही: उष्ण प्रदेशात घर थंड ठेवण्याच्या खर्चात ५ ते १० टक्के बचत, एवढेच. तेथे घरोघर वातानुकूलन यंत्रे आहेत. आमच्या घरी बचत मोजायची ती विजेच्या बिलात नव्हे, तर झोपेत.

आणि झोपेपेक्षाही अधिक काही पणाला लागलेले असते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उन्हाची लाट आली, पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम तिला जोडले. अशा छपराखाली दोन ते पाच अंशांचा उतार पडतो, असा तेथला अनुभव आहे. तेलंगण सरकारनेही २०२३ मध्ये थंड छपरांचे पाच वर्षांचे धोरण जाहीर केले.

म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. ज्याच्या पदरी थोडेच पैसे आहेत त्याने आधी वरची बाजू पांढरी करावी. गच्चीला चुना पुरतो: कळीचा चुना आदल्या रात्री भिजवावा, दुसऱ्या दिवशी गाळून त्यात थोडे पांढरे सिमेंट व डिंक घालावा, आणि गच्ची धुऊन दोन हात द्यावे. खानापूरकडचा पाऊस तो धुऊन नेतो, तेव्हा दर वर्षी फाल्गुनात पुन्हा करणे आले. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे गंज घासून, अस्तर देऊन बाहेरच्या भिंतींचा पांढरा रंग लावावा. पागोळ्यांचे पाणी पिण्यासाठी साठविणाऱ्यांनी पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे. ह्यानंतर पैसे उरले, आणि पत्रा जुना किंवा रंगीत असला, तर आतून चंदेरी लेप.

सिमेंटच्या जुन्या राखी पत्र्यांविषयी मात्र विशेष जपावे. त्यांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुढे असाध्य रोग होतात. ते कोरडे घासू नयेत, भोके पाडू नयेत. पाण्याने भिजवून अलगद धुवावे आणि वर रंग द्यावा. त्यांवर पाय देऊन उभे राहणे तर सर्वथा टाळावे, कारण हे पत्रे अचानक फुटतात आणि माणूस थेट फरशीवर येतो. दोन वाशांवर आडवी फळी टाकावी व तिच्यावरच बसावे. माळ्यावर फवारणी करताना तोंडाला मुसके बांधावे, दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, चूल आणि देव्हाऱ्यापुढील दिवाही विझवावा; ह्या रंगांतील द्रव पेट घेणारे असतात.

सगळे छप्पर एका वर्षी होत नसेल तर आजी-आजोबांची खाट किंवा बाळंतिणीची बाज ज्या खोलीत आहे, तेवढ्याच भागावर आधी पांढरा हात फिरवावा. आणि ज्या घरी शिडीवर चढणारे कोणी उरले नाही, अशी घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत, तेथे युवक मंडळाची चार मुले, दोन बादल्या चुना आणि एक सकाळ एवढे पुरेसे आहे. चुना तेवढा आदल्या रात्री भिजत घालावा.